दातातली कांडी

जिनिंगच्या फाटकापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत कापसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. यंदा कापूस असा पिकला होता, की लोकांच्या घरात कापूस झोपत होता आणि माणसं पडवीत. तीन-तीन दिवस नंबर येत नव्हता. त्यातून रोज आभाळ भरून यायचं आणि न बरसताच निघून जायचं, त्यामुळे धड घाबरताही येत नव्हतं. ट्रॉलीवर ताडपत्री ओढून माणसं तिच्या सावलीत बसली होती, आणि बसून बसून चिडली होती.

आणि बरोबर साडेबाराला भोंगा वाजून सगळी जिनिंग थांबायची. अर्धा तास. बारा रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी बारा मशीनं, एका ओळीत गप्प व्हायची. हवेत उडणारी रुई सावकाश खाली बसायची आणि बाहेर रांगेतून शिव्या सुरू व्हायच्या.

"झोपले का रे आत सगळे?"

"मशीनला तेल पाजतायत म्हणे."

"मग आम्हाला पण पाजा म्हणावं थोडं!"

त्या अर्ध्या तासात कामगार डबे सोडायचे आणि एकच माणूस कामाला लागायचा. त्याला सगळे वंगणआबा म्हणायचे. रेच्यांच्या फळ्यांखाली पुरुषभर खोल भुयार होतं. त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी बाराही रेचे फिरवायचा. तो शाफ्ट सोळा बेअरिंगांवर टेकलेला होता. त्या सोळांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं एकतीस वर्षं आबांकडे होतं.

आता ग्रीस भरणं हे काय काम आहे, असं कुणाला वाटेल. गन लावायची, दांडा दाबायचा, पुढं जायचं. तसं करणारे ढिगानं आहेत. आबांचं मात्र बघत राहावंसं वाटायचं. सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी सुतळीनं बांधून ते शिडी उतरायचे. प्रत्येक बेअरिंगपाशी बसायचे, रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं ग्रीस आत जायचं बोंड आधी लख्ख पुसायचे. "आधी पुसणं, मग पाजणं," असं पुटपुटायचे. न पुसता गन लावली की बोंडावरची रुई आणि धूळ ग्रीसबरोबर आत जाते, आणि आत गेलेली धूळ बाहेर यायचं नाव घेत नाही. मग बेअरिंगच्या लोखंडी घराला मळहात टेकवून ते तापलंय का बघायचे. मग खालचं बूच सैल करून आतलं जुनं ग्रीस बोटावर घ्यायचे, दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे. एवढं झाल्यावर गन. तीन पंप. ना कमी ना जास्त. सोळाव्या बेअरिंगवरून उठेपर्यंत त्यांचे गुडघे कटकट वाजायचे, आणि शिडीवर डोकं दिसलं की लगेच भोंगा व्हायचा. कधी एक मिनिट इकडचं तिकडं नाही.

आणखी एक गोष्ट होती. मशीन चालू असताना आबा भुयारातल्या कठड्याकडेनं दिवसातून चार फेऱ्या मारायचे. हातात दीड हात लांब लाकडी कांडी. तिचं एक टोक बेअरिंगच्या घरावर ठेवायचे, दुसरं दातात धरायचे, आणि डोळे मिटून उभे राहायचे. कांडीच्या त्या टोकाला दातांचे खड्डे पडले होते. "आबांना डब्यात पुरत नाही, म्हणून मशीन चावतात," असं पोरं म्हणायची. आबाही हसायचे. पोरांच्या तोंडाकडे बघून हसायचे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यामागचं कारण फक्त घरात दोघींना ठाऊक होतं. आबांचे कान लहानपणापासून वाहायचे. दोन वर्षांपूर्वी पडदेच गेले. मुलगा लांब कामाला, वर्षातून एकदा येणारा. घरात बायको, सून आणि आबा. आबांची बायको बोलायला खमकी. दोन वर्षं तिचा सगळा जन्म ओरडण्यात चालला होता.

"मशीनचं बरोबर ऐकता! माझंच तेवढं ऐकू येत नाही!" ती चुलीपाशी बसून ओरडायची.

"काय?" आबा म्हणायचे.

"काही नाही!"

सून जिनिंगमध्येच होती. वर रेच्यांवर कापूस टाकायची. मॅनेजर भुयाराकडे यायला लागला, की ती फळीवर टाचेनं दोनदा आपटायची. आबांना ते पायातून, शिडीतून समजायचं आणि ते वळून उभे राहायचे. सासरा-सुनेचं हे गुपित दोन हंगाम चाललं. कान गेलेल्या माणसाला भुयारात कोण ठेवणार? फेऱ्या बंद, गन बंद, घरी बसा. आणि आबांना घरी बसवणं म्हणजे काय, हे दोघींना पुरतं ठाऊक होतं.

आत्ताचा मॅनेजर या हंगामातच आलेला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. घाईतल्या माणसाला वाईट व्हायला वेळ लागत नाही. रांगेतली दहा-बारा माणसं सकाळी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. त्यांत आबांचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याची ट्रॉली तेविसावी होती.

"दुपारचा अर्धा तास बंद करा," ते म्हणाले. "आभाळ डोक्यावर आहे. भिजला कापूस तर तुम्ही घेणार का?"

मॅनेजर सगळ्यांना घेऊनच भुयाराच्या तोंडाशी आला. आबा शिडीजवळ पाठमोरे बसून गनचं तोंड पुसत होते. सून नेमकी त्या वेळी दुसऱ्या टोकाला कापसाचा ढीग ओढत होती.

"आबा, आजपासून दुपारचं थांबणं बंद. चालू मशीनवरच ग्रीस द्यायचं."

आबा पुसत राहिले.

"आबा!"

आबांनी चिंधीची घडी बदलली आणि पुन्हा पुसायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजरच्या तोंडावर आधी राग आला, मग शंका आली. तो दोन पावलं पुढं गेला आणि आबांच्या डोक्यामागं, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आबा, उद्यापासून कामावर येऊ नका."

आबांनी गनच्या तोंडावर फुंकर मारली. समाधानानं मान हलवली.

मग मात्र हसू आवरेना. धाकटा भाऊ तेवढा हसला नाही, तो खाली बघत होता. आबा वळले, पंधरा-वीस तोंडं हसताना बघितली आणि नेहमीसारखं हसले. हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. लांबून सून धावत येत होती, तिच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं समजलं.

"बहिरा माणूस भुयारात!" मॅनेजर म्हणाला. "उद्या पट्टा तुटला, कुणी ओरडलं, तर माझ्या गळ्यात!" यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

आबांना काढलं नाही, पटांगणात झाडू दिला. ग्रीसची गन मॅनेजरनं सुनेच्या हातात ठेवली. "सासऱ्याचं बघितलं असशीलच. मशीन थांबवायचं नाही, कठड्यावरून हात घालून द्यायचं."

तिनं बघितलं होतं, पण वरून, फळ्यांच्या फटीतून. किती पंप ते तिला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून खाली उतरली. शाफ्ट डोळ्यांसमोर घरघरत होता, पट्टे कानाशी सपसप वाजत होते, जमीन पायाखाली थरथरत होती. पुसायला हात पुढं नेण्याची छाती झाली नाही. मग तिनं भरपाई केली. प्रत्येकाला दहा, बारा, पंधरा पंप. मामंजींची बेअरिंगं आपल्या हातून उपाशी राहायला नकोत, एवढंच तिच्या मनात होतं. पाहुण्याला ताटात आग्रहानं वाढावं तसं तिनं सोळा जणांना वाढलं. दुपारी पुन्हा वाढलं. संध्याकाळी नऊ नंबरपाशी करपल्यासारखा वास आला. तिनं फिटरला बोलावलं.

"तापलाय," फिटर वरूनच म्हणाला. "अजून दे."

तिनं अजून दिलं.

दिवेलागणीला घरी आली तेव्हा आबा दाराशी बसून झाडताना शिरलेले काटे बोटांतून काढत होते. कापसाच्या बोंडांचे काटे, साऱ्या तळहातावर. बायकोनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि प्रथमच ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं.

सून समोर बसली. ओठ मोठे हलवत, बोटं दाखवत म्हणाली, "मामंजी, नऊ नंबर तापतोय."

"किती पंप दिलेस?"

तिनं दोन्ही हातांची बोटं उघडली. मग आणखी एका हाताची.

"पंधरा? एका वेळी?"

"तीनदा."

आबांचा घास हातातच राहिला. रागावतील असं तिला वाटलं. ते रागावले नाहीत. "अगं पोरी," ते म्हणाले, "पोटाला तडस लागेपर्यंत जेवून कुणी पळेल का? ग्रीस आत घुसळलं जातं, घुसळून तापतं, तापून पातळ होतं आणि वाहून जातं. मग रुई चिकटते आणि बेअरिंग कोरडं पडतं. तू पोटभर घातलंस आणि ते उपाशी राहिलं. तीन पंप. चौथा लाडाचा. लाडानं पोर बिघडतं तसं मशीन बिघडतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तर चूक मायेनं झालेली, आणि ती दाखवणाऱ्याच्या हातात काटे.

"रड नंतर," आबा म्हणाले. "ऊठ."

त्यांनी कोपऱ्यातली कांडी घेतली, सुनेला भिंतीवरच्या घड्याळापाशी नेलं आणि एक टोक तिच्या दातांत दिलं. दुसरं घड्याळाच्या लाकडावर टेकवलं. "कान दाब."

तिनं दोन्ही कान दाबले. घड्याळ तिच्या डोक्याच्या आत चालायला लागलं. टक टक नव्हे, सगळं. चाकं, दाते, एक कुठंतरी अडखळणारा काटा. ती दचकून मागं सरली.

"मी असं ऐकतो," आबा म्हणाले. "पडदे गेले म्हणून काय झालं. हाडं आहेत. नीट बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. जास्त भरलेलं जड श्वास घेतं. कोरडं रडतं. रडायला लागलं की थांबवायचं. ते कुणाला विचारायचं नाही."

चुलीपाशी बसलेली बायको हे सगळं हातावर हनुवटी ठेवून बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला सून कांडी दातांत धरून कठड्याला उभी होती. आठ नंबर गुणगुणत होता, जडसा. नऊवर टोक ठेवलं आणि तिच्या अंगावर काटा आला. कुणी कोंडून घातल्यासारखं आत रडत होतं, बारीक, थांबत थांबत. घराच्या कडेला रुईचा बोळा चिकटला होता आणि त्यातून धुराचा दोरा निघत होता, इतका पातळ की श्वास लागला तरी तुटावा.

ती वर धावली. "साहेब, मशीन थांबवा. नऊ नंबर कोरडा पडलाय."

"फिटर म्हणतो भर."

"भरूनच झालंय! माझ्या हातानं झालंय. थांबवा."

"बाहेर बघ जरा!" मॅनेजरनं आभाळाकडे आणि रांगेकडे एकदमच हात केला. "थांबवलं तर ही माणसं मला फाडून खातील."

ओतणीच्या धक्क्यावर त्या वेळी तेविसावी ट्रॉली लागली होती. आबांचा धाकटा भाऊ ट्रॉलीवर कापूस ओढायचा लोखंडी पंजा घेऊन उभा होता. चार दिवस आंघोळ नाही, डोळे लाल, ओठ फुटलेले. खाली आबा झाडत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. सुनेनं त्यांच्यासमोर उभं राहून नऊ बोटं दाखवली आणि मग डोळ्यांवरून दोन बोटं खाली ओढली. रडतंय.

आबांनी झाडू टाकला आणि भुयाराकडे निघाले. मॅनेजर आडवा झाला. आबा थांबले. आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं, आताही ढकललं नाही. उभे राहिले नुसते. हातात चिंधी नसतानाही त्यांचे हात पुसल्यासारखे हलत होते.

"काका," सून ट्रॉलीकडे वळून म्हणाली, "आत धूर आहे."

धाकट्यानं आभाळाकडे बघितलं. मग आपल्या कापसाकडे, मग भावाच्या हातांकडे. त्यानं पंजा बाजूला खुपसला आणि कापसावरच मांडी घालून बसला.

"साहेब, मी माल ओतत नाही."

"काय?"

"पाळी माझी आहे ना? मग मी थांबलो. दादा भुयारात जाऊन वर येईपर्यंत इथनं एक बोंड हलणार नाही. मागच्याला घाई असेल तर त्यानं माझ्या अंगावरून ट्रॉली न्यावी."

मागं गलका झाला. "अहो, तुम्हीच तर परवा म्हणालात बंद करा!"

"म्हणालो!" धाकटा ओरडला. "गाढव होतो. एकतीस वर्षांत इथं एकदा तरी आग लागली का? कुणाच्या पुण्याईनं, तुझ्या? आणि त्या माणसाला हसताना मी तिथं उभा होतो!"

ज्यांच्यासाठी मशीन थांबवायचं नव्हतं, त्यांच्यातलाच एक थांबला, तेव्हा मॅनेजरनं हात वर केला. भोंगा झाला. आबांना तो ऐकू आला नाही, पण जमिनीची थरथर संपताच ते शिडीकडे चालू लागले.

मॅनेजर त्यांच्यामागून उतरला. सून आधीच खाली होती. आबांनी सुतळीनं बाह्या बांधल्या. आज ती सुनेनं ओढून दिली. नऊ नंबरचं झाकण निघालं तसा करपट वास भुयारभर झाला. आत ग्रीस नव्हतंच, काळी पेंड होती, रुईत मळलेली. आबांनी कडेचा बोळा चिमटीत धरून काढला आणि मॅनेजरच्या तळहातावर ठेवला. बोळ्याची एक बाजू पांढरी होती. दुसरी तपकिरी होऊन मध्ये काळी पडली होती, आणि गरम होती.

मॅनेजरनं वर बघितलं. डोक्यावर फळ्या, फळ्यांवर कापूस, पलीकडच्या गोदामात रुईच्या गठाणी, बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॉल्या, ट्रॉल्यांत माणसं. त्यानं मूठ मिटली नाही. तो बोळा हातावर धरून तसाच उभा राहिला.

आबांना त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. बेअरिंग निवू दिलं, मग रॉकेलनं धुतलं. पुसलं. पुन्हा धुतलं. आतली प्रत्येक लोखंडी गोळी बोटानं फिरवून पाहिली, एकीवर नख थांबलं, परत फिरवलं, मान हलवली. चालेल. नवं ग्रीस बोटानं भरलं, झाकण बसवलं, बोंड पुसलं. मग गन सुनेच्या हातात दिली.

तिनं दाबलं. एक. दोन. तीन. हात आपसूक चौथ्याला उचलला गेला आणि तिथंच थांबला. आबा हसले. मग दोघांनी बाकीच्या पंधरांची बुचं सोडून जास्तीचं ग्रीस काढलं. बादली भरली. "काय लाड, काय लाड," आबा बादलीत बघून म्हणाले.

मशीन सुरू झालं तेव्हा आबांनी कांडी नऊवर टेकवली, दातांत धरली, डोळे मिटले. वर फळ्यांच्या फटीतून लोक ओणवे होऊन बघत होते. बऱ्याच वेळानं आबांनी कांडी काढली आणि मॅनेजरपुढं धरली. मॅनेजरनं तिच्यावरचे दातांचे खड्डे बघितले, रुमालानं पुसायला गेला, मग पुसली नाही. तशीच दातांत धरली.

सुनेला त्याचा चेहरा दिसत होता. लहान मुलाला विहिरीतून स्वतःचा आवाज परत आल्यावर होतो तसा झाला.

"त्यांना सांग," तो वर चढता चढता म्हणाला, "साडेबाराचा भोंगा उद्यापासून पुन्हा. आणि भुयारात तू त्यांच्याबरोबर राहायचं. कुणी ओरडलं तर तू ऐक. बाकी ते ऐकतील."

तिनं ते सगळं सांगितलं, बोटांनी आणि ओठांनी. आबांनी फक्त विचारलं, "झाडू कुठं ठेवायचा?"

आभाळ नेहमीसारखं न पडताच निघून गेलं. धाकट्याची ट्रॉली तिन्हीसांजेच्या आत रिकामी झाली आणि तो भावाबरोबर घरी जेवायला आला. दाराशी पाय धुताना म्हणाला, "दादा, चुकलो." आबांना ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं नाही, भावाच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतलं. तेवढ्यावरून आबांना समजलं.

ताटं वाढली होती. आबा बाहेर पडवीत बसून कांडी पुसत होते. सून हाक मारायला निघाली तर सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं. त्या गुडघे धरत उठल्या, बाहेर जाऊन आबांसमोर बसल्या. त्यांच्या हातातून कांडी घेतली. एक टोक त्यांच्या दातांत दिलं आणि दुसरं आपल्या गळ्याच्या खळगीत टेकवलं. बोलायचं दोन वर्षांचं साठलेलं होतं, पण ते सगळं ओरडायचं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, अगदी हळू, "जेवण गार होतंय."

आबांचे डोळे एकदम भरले. कांडी दातांतून न काढताच ते बोलले, शब्द फेंगडे आले, पण आतल्या दोघांनाही ऐकू गेले.

"येतो की. ओरडतेस कशाला?"